नैवेद्याची वाटी

मी माझ्या बायकोला मारलं आहे. किती वेळा, ते मला नेमकं सांगता येणार नाही, तिला येईल. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत माझी ओळख शांत माणूस अशी आहे. सोसायटीच्या सभेत आवाज न चढवणारा. म्हणून हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेणार नाही.

सुरुवात वडिलांच्या आजारपणापासून करावी लागेल. ते गिरणीत होते. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि आम्ही गोरेगाव पूर्वेला आलो. माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती चौथीत गेली त्या सुमाराला वडिलांना अर्धांगवायू झाला. बायको तेव्हा अंधेरीला एका कंपनीत नोकरी करत होती. तिनं ती सोडली. सोडली असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. खरं म्हणजे एका रविवारी मी आणि आईने ठरवलं आणि तिला सांगितलं.

वडिलांचा उजवा हात गेला होता, डावा शाबूत होता. तो डावा हात सात वर्षं माझ्या बायकोवर चालला. ती पेज भरवायला बसली की ते वाटी उडवायचे. कूस बदलायला वाकली की केस धरायचे. तिच्या दंडावर त्यांच्या दातांचे वळ मी पाहिलेले आहेत. एकदा त्यांनी स्टीलचा पेला फेकला, तो तिच्या भुवईवर लागला आणि तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरला तिनं सांगितलं, कपाटाचं दार लागलं. तसं सांग म्हणून रिक्षात मीच तिला पढवलं होतं.

"आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस," मी म्हणायचो.

"मनावर नाही घेत हो, तोंडावर घेते," ती म्हणायची. तेव्हा ती असं बोलायची.

वडील गेले आणि आम्हाला वाटलं, सुटली बिचारी. पण तेराव्यानंतर तिची झोप उडाली. मग शेजारच्या भिंतीतून बायका आपल्याबद्दल बोलतात असं ती सांगायला लागली. मग तिनं घरचं जेवण सोडलं. आई आपल्या ताटात काहीतरी घालते, असं तिच्या मनाने घेतलं. केळी खायची, कारण त्यांना साल असतं. अंडी स्वतः उकडायची आणि भांड्यासमोरून हलायची नाही. बिस्किटांचा पुडा स्वतः विकत आणायची आणि स्वतः फोडायची. चार महिन्यांत तिचे ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले.

आग्रह केला की ती बिथरायची. एकदा मी ताट पुढे सरकवलं तर तिनं गॅसवरची उकळती डाळ माझ्या पायावर ओतली. मी तिच्या तोंडात मारली. ती भिंतीवर डोकं आपटत राहिली, मी तिला कवेत धरली, आणि धरता धरता परत मारली. मुलगी अकरावीला होती. ती बाथरूमला आतून कडी लावून, बादलीवर बसून अभ्यास करायची. हे आम्हाला कुणालाच विचित्र वाटेनासं झालं होतं.

शेवटी डॉक्टरकडे गेलो, पण मुलुंडच्या. गोरेगावात मानसोपचाराचे डॉक्टर नव्हते असं नाही. ओळखीचं कुणी पायरीवर दिसू नये, म्हणून आम्ही पवईवरून तासभर गाडी काढायचो. वसाहतीत सांगायचो, मावशीकडे चाललोय. डॉक्टर माणूस चांगला होता. त्यांनी तिचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं. त्यांच्या गोळ्या तिनं दोन महिने घेतल्या. झोप आली, पण वजन वाढलं, जीभ जड झाली. "डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं वाटतं," ती म्हणाली आणि एक दिवस तिनं गोळ्या बंद केल्या. मुलुंडलाही यायचं नाही म्हणाली.

मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, जेवणातून देऊ का.

ते म्हणाले, "अहो, तिचा संशयच तो आहे. तुम्ही तो खरा करणार? मग मी तिच्याशी कुठल्या तोंडाने बोलू? तिला घेऊन या. गोळी बदलता येते, कमी करता येते. पण तिच्याशी बोलून."

मी हो म्हटलं. येताना अंधेरीला थांबलो आणि जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या.

आता वाटीबद्दल. आमच्या घरी रोज दिवेलागणीला देवाला दूधसाखरेचा नैवेद्य असायचा. आई छोट्या चांदीच्या वाटीत दूध काढायची, देव्हाऱ्यासमोर पाण्याचं मंडल करायची, त्यावर वाटी ठेवायची. दिवा लागला की ते दूध घरातल्या कुणालातरी मिळायचं. बायको घरचं काही खात नव्हती, पण ती वाटी घेत होती. आईने तिला एकदा सांगितलं होतं, "देवाचो निवेद तो. तेच्यात कोण काय घालतलो?" ते तिला पटलं होतं. आईच्या ताटावर विश्वास नव्हता, पण आई देवाशी खोटेपणा करणार नाही ही तिची खात्री होती. घरात तिच्यासाठी तेवढी एकच जागा उरली होती जिथे तिला कुणाची भीती नव्हती. मी ती हेरली.

मी देवभक्त कधीच नव्हतो. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवणं, इथपर्यंतच. पण त्या महिन्यापासून साकीनाक्याहून कामावरून आलो की आंघोळ करून देवासमोर बसायला लागलो. आईला म्हटलं, दिवा आता मी लावतो. गोळी मी बाथरूममध्ये दोन चमच्यांमध्ये दाबून कुटायचो, कागदाच्या पुडीत घालून खिशात ठेवायचो, आणि दिवा लावताना वाटीत सोडायचो. चव कळू नये म्हणून वर वेलचीपूड. मी कारखान्यात मालाची तपासणी करणारा माणूस आहे. केसाएवढा फरक मला हाताला कळतो. हे कामही मी तितक्याच निगुतीने केलं.

तिला गुण आला. हे लिहावंच लागेल, कारण याच्याच आधाराने मी स्वतःला आठ महिने चांगला समजत होतो. ती झोपायला लागली. भिंतीतल्या बायका गप्प झाल्या. पाचव्या महिन्यात तिनं आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि आई आत जाऊन रडली. मुलगी बाथरूममधून बाहेर येऊन जेवणाच्या टेबलावर अभ्यास करू लागली. तिची बारावी सुरू झाली होती. समोरच्या वहिनी एकदा आल्या, मला देवासमोर पाहून बायकोला म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पाठवू का गं तुमच्याकडे क्लासला? टीव्हीसमोरून उठत नाहीत."

बायको हसून म्हणाली, "माझ्यासाठी बसतात ते. मी आजारी होते ना, तेव्हापासून."

हे तिनं वसाहतीत आणखीही चारजणींना सांगितलं होतं. एकदा भांग पाडताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं तुमचं माझ्याकडे लक्षच नाही." तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय, आता कशाला. आणि दुसरंही होतं. चांगला नवरा म्हणवून घ्यायला मला आवडायला लागलं होतं.

ज्या संध्याकाळी ते फुटलं तेव्हा मुलगी क्लासला होती, आई स्वयंपाकघरात. मी पुडी वाटीवर उलटी केली आणि मागे बायको उभी होती. फुलवाती घेऊन आली होती.

"ते काय?"

"साखर."

"साखर डब्यात असते. कागदात कुठली?"

मी कागद खिशात कोंबला. तिनं खाली बसून वाटी उचलली, दिव्यासमोर धरली, आत बघितलं. पांढरा भुगा अजून वर तरंगत होता. तिनं वाटी माझ्या तोंडाजवळ आणली.

"तुम्ही प्या."

"तो तुझा प्रसाद आहे."

"देवाचा आहे ना? मग प्या."

मी तिचा हात झटकला. दूध देवांवर उडालं. मग तिनं पेटती समई उचलली आणि माझ्यावर घातली. पहिला घाव उजव्या खांद्याच्या हाडावर बसला, ते हाड मोडलेलं नंतर कळलं. दुसरा डोक्याला लागला. तेल माझ्या शर्टावर सांडलं, वात कुठेतरी विझली. ती ओरडत नव्हती. इतक्या वर्षांत ती मला अहो म्हणत आली होती. आता प्रत्येक घावाला म्हणत होती, "तू. तू होतास. तू."

आई मध्ये आली आणि ढकलली जाऊन दारावर पडली. मी बायकोचा हात पिरगळला, समई सुटली. मग मी मारलं. आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा जास्त मारलं, आणि हात एकच चालत होता म्हणून पायानेही. ती पालथी पडल्यावर तिच्या पाठीवर गुडघा देऊन बसलो. तिचे हात तिच्याच ओढणीने बांधले, गाठ दातांनी आवळली. आईला म्हटलं, घाटकोपरला फोन लाव. घाटकोपरला तिचा भाऊ राहतो. तो येईपर्यंत मी तिच्या पाठीवर बसून होतो. मी पाऊण तास म्हणतो, ती सव्वा तास म्हणते. तिचं खरं धरावं.

मध्ये दारावर थाप पडली. समोरच्या वहिनी. "काय झालं हो? काही हवंय का?"

"फीट आलीय," मी आतूनच म्हणालो. "डॉक्टर येतोय."

भाऊ आला. तिचं तोंड फरशीवर होतं, ओठ फुटला होता, पण ती स्पष्ट बोलली. "दादा, हा माझ्या नैवेद्याच्या दुधात काहीतरी घालतो. मी डोळ्यांनी बघितलं. त्याच्या खिशात बघ, कागद असेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावरून रक्त येत होतं, आई दारापाशी कण्हत होती. "भावोजी, काय म्हणतेय ही?"

"वर्षभर असंच बोलते. तुम्हाला माहीत आहे."

तिचा शब्दन् शब्द खरा होता. कागद माझ्या खिशात होता. त्यानं खिसा पाहिला नाही. वाकून बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "बरं गं, बघतो मी त्याच्याकडे. आपण आधी डॉक्टरकडे जाऊ." लहान मुलाला समजवावं तसा आवाज. तो आवाज ऐकल्यावर तिनं सोडवून घेण्याची धडपड बंद केली. आम्ही तिला उचलून गाडीत घातली.

मुलुंडला त्याच डॉक्टरांचं छोटं रुग्णालय आहे, तिथे दाखल केली. त्यांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. मी म्हणालो, आठदहा महिने झाले. भाऊ शेजारी उभा होता. कागदावर इंग्रजीत लिहिलं गेलं, ते मराठीत असं: नवरा अन्नात औषध घालतो असा पक्का भ्रम, नवऱ्यावर हल्ला. खाली माझी सही, माहिती देणारा म्हणून. ती खाटेवरून बघत होती.

तिथे तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. प्रत्येकाला एकच सांगत होती, मी बघितलं. आयांना, नर्सला, फरशी पुसणाऱ्या बाईला. आणि जितकं ती सांगायची तितकी ती जास्त आजारी ठरत होती. इंजेक्शनसाठी चारजणी तिचे हातपाय धरायच्या. दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घातली. ती घालताना मी बाहेर बाकावर होतो. आतून जो आवाज येत होता तो माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यातल्या आवाजासारखा होता, फरक इतकाच की वडील त्यांच्या आजाराने तसे झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची मान उजवीकडे पिळली गेली. डोळे वर गेले, जीभ बाहेर आली, जबडा मिटेना. अंगातला एकेक स्नायू दोरीसारखा ताठ. डॉक्टर धावत आले, दुसरं इंजेक्शन दिलं, आणि बाहेर येऊन मला आणि तिच्या भावाला एका बाजूला घेतलं.

"आधी काही नव्हतं म्हणून मी पूर्ण मात्रा दिली. इतकं आखडायला नको. मला खरं सांगा, पोटात आधीचं औषध होतं का? असेल तर आज रात्रीचं इंजेक्शन मला थांबवायला हवं. पुढच्या वेळी हे घशाला होईल, श्वासाला होईल."

मी तिच्या भावाकडे पाहिलं. त्या घटकेलाही मी हिशोब करत होतो की याच्या देखत कसं सांगू. लाज माणसाला किती टोकाला नेते ते मला तेव्हा कळलं. मग सांगितलं. रोज, दिवेलागणीला, आठ महिने.

"मी तुम्हाला नको म्हटलं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. भावाने माझ्या कानफटात मारली. चष्मा लांब उडाला. तो जाऊन त्यानंच उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. मग जिन्यात जाऊन बसला.

दुपारी तिची मान सैल झाली. डॉक्टर म्हणाले, हे तिला तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर. मी खाटेच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, कारण मान अजून तिकडेच वळत होती. भाऊ पायथ्याशी होता. मी सांगितलं.

"परत सांगा," ती म्हणाली. जीभ अडखळत होती.

मी परत सांगितलं.

"कशात घातलं ते सांगा. दादाला ऐकू दे."

"नैवेद्याच्या वाटीत."

"आणि परवा मी काय म्हणत होते?"

"ते खरं होतं. मी खोटं बोललो."

तिनं हात पुढे केला. मी माझा हात तिच्या हातात दिला. मला वाटलं, धरायचा असेल. तिनं तो तोंडाशी नेला आणि अंगठ्याखालच्या मांसात दात रोवले. मी ओरडलो, नर्स धावली, तिघांनी मिळून तिचा जबडा सोडवला. चादरीवर माझं रक्त सांडलं होतं. तिनं ओठ पुसले आणि डॉक्टरांकडे पाहून सावकाश म्हणाली, "हे वेड म्हणून लिहू नका. राग म्हणून लिहा."

डॉक्टरांनी फाइल मागवली. तिच्या देखत त्या पहिल्या पानावर लिहिलं: रुग्णाचं म्हणणं खरं आहे, नवऱ्याने कबूल केलं. तिनं ते हातात घेऊन वाचलं, माझी सही खाली घ्यायला लावली आणि झेरॉक्स मागितली. माझ्या डाव्या हाताची ती सही वेडीवाकडी आहे.

तिथून ती घाटकोपरला भावाकडे गेली. गोळ्या तिनं स्वतः सुरू केल्या, वेगळ्या, कमी मात्रेच्या. डॉक्टरांशी तासभर भांडून तिनं त्या ठरवून घेतल्या असं ऐकलं. मला त्यात काही विचारण्यात आलं नाही, आणि ते योग्यच होतं.

आईला मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या हातान देवाक दाखयलंय मी ता दूध. माका पण फसयलंस, देवाक पण." त्यानंतर आमच्या घरी नैवेद्य होत नाही. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई खरं बोलत होती आणि मी पण तिला वेडी म्हटलं. त्याचं काय करू?" ती त्या रात्री घरात राहिली नाही. बॅग भरून आईकडे गेली आणि बारावीचे पेपर घाटकोपरहून दिले.

निकालानंतर दोघी परत आल्या. बायको स्वतःच्या अटींवर आली. स्वयंपाक तिचा ती करते, आईला वाढते, मुलीला वाढते. माझं मी घेतो. तिनं पुन्हा अंधेरीला नोकरी धरली आहे. समोरच्या वहिनींना तिनं दारातच सांगितलं, "मला फीट वगैरे काही नव्हती. ह्यांनी मला मारलं होतं." वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. आता लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या बायका मी असलो की बोलणं थांबवतात.

झोप उडण्याचे दिवस तिला अजून येतात. तेव्हा ती कॅलेंडरवर खूण करते आणि डॉक्टरांना स्वतः फोन लावते. एकदा अशाच दिवसांत तिनं मला विचारलं, "आज माझ्या चहात काही घातलंय?" मी नाही म्हणालो. तिनं चहा मोरीत ओतला आणि दुसरा करून घेतला. माझ्या ‘नाही’चा आता तिला काही उपयोग नाही. तिला शंका आली की ती खरी की आजारातली हे घरात विचारून ठरवायला कुणीतरी लागतं, आणि तो माणूस मी होऊ शकलो असतो. ते काम आता मुलगी करते. एकोणिसाव्या वर्षी.

हे लिहू का म्हणून बायकोला विचारलं, तेव्हा ती डबा भरत होती.

"काय लिहिणार?"

"झालं ते सगळं."

"लिहा. पण काळजीपोटी केलं असं कुठे लिहू नका."

मी पानं पुन्हा वाचली. दोन ठिकाणी तसं लिहिलं होतं. ते काढलं आहे.